आमच्या सड्यावरच्या कातळशिल्पांची कागदपत्रे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या वर जो जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचे पठार आहे, त्यातल्या आमच्या सामाईक जमिनीत चार कातळशिल्पे, म्हणजे जमिनीलगतच्या कातळात कोरलेली चित्रे आहेत. त्यांचे नोंदीकरण, सहहिस्सेदारांच्या संमत्या, ग्रामसभेचा ठराव, जमिनीची मोजणी आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे द्यायचा प्रस्ताव हे काम नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या बाजूने पूर्ण झाले. कोकणात अशा सड्यांवर मालकी असलेली शेकडो कुटुंबे आहेत आणि त्यांतली बरीच मुंबई-पुण्यात राहतात. त्यांच्यापैकी कोणाला पुढेमागे हेच करावे लागले, तर सुरुवात कोठून करायची हे कळावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण जागेवर अजून राखणदार नाही, आणि ठिकाण एकदा पसरले की सुटीच्या दिवशी सड्यावर गाड्या चढायला वेळ लागत नाही.

ही चित्रे आम्हाला नव्याने सापडलेली नाहीत. गुरे राखणाऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती आणि पांडवांनी एका रात्रीत काढली एवढे त्यांचे स्पष्टीकरण गावाला पुरेसे होते. आपल्याकडे जे आहे ते फार जुने आणि मोलाचे असू शकते, हे आमच्या घरात कळले ते वर्तमानपत्रांमुळे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतले सडे पायी तुडवून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत शिल्पांमागून शिल्पे उजेडात आणली होती, आणि त्यांच्या बातम्यांसोबतची छायाचित्रे पाहून माझ्या चुलतभावाने ‘हे तर आपल्या सड्यावर पण आहे’ असा निरोप कुटुंबाच्या गटावर टाकला. त्यावर दोन दिवस हसण्यावारी गेले. मग त्याच आठवड्यात काकांनी कळवले की, चिरेखाणीसाठी सडा भाड्याने मागायला एक जण घरी येऊन गेला आहे.

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगते, की जांभा हा आमच्याकडचा मुख्य बांधकामाचा दगड आहे. खालचा थर खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होतो, म्हणून यंत्राने चिरे कापणे सोपे जाते. खाण सुरू झाली, की वरचा टणक पापुद्रा सर्वांत आधी निघतो, आणि शिल्पे असतात ती नेमकी त्याच पापुद्र्यात. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडणे, नवे रस्ते काढणे, सपाटी करून भूखंड पाडणे यांतही हेच होते.

काकांनी त्या माणसाला ‘विचार करून सांगतो’ असे उत्तर दिले होते. मी डोंबिवलीला राहते आणि लग्नानंतर वीस वर्षांहून अधिक काळ माझा गावाशी संबंध गणपती आणि मे महिना एवढाच उरला होता. तरी वडिलांच्या पश्चात सातबारावर माझे आणि बहिणीचे नाव लागलेले असल्यामुळे विचार करणाऱ्यांत आम्हीही होतो. या कामाला मी लागले ते कोणा थोर हेतूने नव्हे, तर घरात निवृत्त आणि कागदपत्रांची सवय असलेली मीच एकटी होते म्हणून.

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी येथील सहायक संचालकांना साध्या कागदावर पत्र दिले. त्यात गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, शिल्पांची अंदाजे मापे, मोबाइलवर मिळालेले अक्षांश-रेखांश, सहा छायाचित्रे आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जोडला होता. हा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो आणि शासकीय कामाला चालतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. पुढे एका वेगळ्या कार्यालयात आमचा अर्ज सापडेना, तेव्हा हा शिक्काच उपयोगी पडला. आणि तेथूनही उत्तर येईना, तेव्हा माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे न्यायालयीन शुल्क तिकीट लावून केवळ अर्जाची सद्यःस्थिती विचारली. भांडणापेक्षा या विचारण्याने काम लवकर हलते.

त्याच वर्षी कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या यादीत कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी हे सिंधुदुर्गातले आणि कुशावती नदीकाठचे पणसायमळ हे गोव्यातले, अशी नऊ ठिकाणे आहेत. आमच्या सड्याचे नाव त्यात नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते, परंतु बातमीनंतर गावातल्या बोलण्याचा सूर बदलला. थट्टा करणारे आता ‘सरकार जमीन घेणार’ असे म्हणू लागले. या भीतीशी आमची गाठ पुढे ग्रामसभेत पडली.

मार्चमध्ये काही अभ्यासक येऊन जागा पाहून गेले. त्यांनी दिलेला पहिला सल्ला असा, की काहीही स्वच्छ करू नका. कोरलेल्या रेषांत माती बसली आहे, तिच्यात गवत उगवते, तेही लगेच उपटायचे नाही. आधी आहे त्या स्थितीत छायाचित्रे घ्यायची आणि मगच मऊ केरसुणीने आणि रंगाच्या जुन्या ब्रशने माती सारायची. लोखंडी उलथणे, तारेचा ब्रश, पाण्याचा फवारा यांतले काही वापरायचे नाही. चित्र उठून दिसावे म्हणून खडू, चुना किंवा रांगोळी भरण्याची जी सवय सर्वत्र दिसते ती तर कटाक्षाने टाळायची. त्याऐवजी सूर्य कलता असताना, म्हणजे उगवल्यावर पहिल्या तासात किंवा मावळण्यापूर्वीच्या तासात जावे. दुपारी बारा वाजता त्याच जागी उभे राहिले तर पायाखाली चित्र आहे हे कळतही नाही. रात्री जमिनीलगत आडवी धरलेली विजेरी आणखी चांगले काम करते.

प्रत्यक्ष नोंदणी आम्ही नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२२ मध्ये केली. पावसाळ्यात सड्यावर पाणी आणि रानफुले असतात, त्यानंतर कमरेइतके गवत वाढते, आणि मार्चनंतर कातळ एवढा तापतो की, गुडघे टेकवत नाहीत. त्यामुळे कामाचे दिवस थोडेच मिळतात. आमच्या दोन भाच्यांनी आणि गावातल्या शाळेच्या एका शिक्षकांनी सुतळीने एक-एक मीटरचे चौकोन आखले आणि एका मीटरला दहा सेंटिमीटर या प्रमाणात आलेख कागदावर प्रत्येक चौकोनातली रेषा उतरवली. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी आणि उत्तर दाखवणारा बाण ठेवला. वरून चित्रण करण्यासाठी भाच्याच्या मित्राचा अडीचशे ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन वापरला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार या वजनाच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, मात्र ती जागा हिरव्या, म्हणजे ड्रोन उडवायला मोकळ्या क्षेत्रात येते की नाही हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी पाहावेच लागते, विशेषतः रत्नागिरीच्या विमानतळाच्या आसपास. सुतळी, कागद, मोजपट्ट्या, छपाई आणि जेवणखाण धरून या टप्प्याला सुमारे ७,००० रुपये खर्च आला.

या दिवसांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण संपूर्ण प्रक्रियेत चित्रांकडे पाहायला मिळाले ते एवढेच. आमच्या चार शिल्पांपैकी एक चौकोनी भौमितिक आकृती आहे, एक अर्धवट झिजलेला आणि ओळखू न येणारा प्राणी आहे, एक जवळजवळ तीन मीटर लांबीचा माणूस आहे आणि चौथा पाकट मासा आहे. माणसाचे पाय सरळ असून दोन्ही पावले बाहेरच्या बाजूला वळवलेली आहेत, हात अंगाला लागून खाली आहेत आणि चेहऱ्यावर काहीही नाही. पाकट मात्र असा काढला आहे की, खाली खाडीवरून मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी सुतळ्यांच्या बाहेर उभे राहूनच त्याचे नाव सांगितले. अंगाची गोल कड एकसारखी आहे, आणि शेपटी लांब जाऊन कातळातल्या एका नैसर्गिक भेगेला मिळते, त्यामुळे दगडात ही भेग आधी होती आणि कोरणाऱ्याने शेपटी तिच्याकडेच नेली असे मला वाटते. रेषेची रुंदी तीन-चार बोटे आणि खोली जेमतेम दोन बोटे आहे. कडेवरून बोट फिरवले की, ठोक्यांचे छोटे खळगे लागतात, आणि तळाशी मात्र दगड गुळगुळीत झाला आहे. आमच्याकडे चिऱ्याचे काम करणारा गडी ते पाहून म्हणाला, की वरचा पापुद्रा हातोडी-छिन्नीनेसुद्धा सहज फुटत नाही, आणि एकदा फुटला की कड अशी राखणे त्याहून कठीण. ज्यांनी हे केले त्यांच्याकडे बहुधा दगडाचीच हत्यारे होती.

हे कोणी आणि कधी केले याचे पक्के उत्तर कोणाकडे नाही, आणि जो तारीख छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये असे माझे मत झाले आहे. दगडात खोदलेल्या रेषेत कोळसा किंवा हाड नसते, त्यामुळे कार्बनच्या पद्धतीने तिचे वय थेट काढता येत नाही. शैली, चित्रांतले प्राणी आणि आसपास मिळणारी अवजारे यांवरून मध्याश्मयुगापासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंतचा मोठा पल्ला मांडला जातो. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राणी आहेत. काही ठिकाणी गेंड्यासारखे प्राणी दिसतात आणि आज कोकणात गेंडा नाही. शिल्पकारांची वस्ती कोठे होती, हा तर त्याहून अवघड प्रश्न आहे. सड्यावर राहण्याची खूण राहत नाही, कारण तेथे मातीचा थरच नसतो. कोकणात माणूस फार पूर्वीपासून होता एवढे मात्र नक्की. गुहागर तालुक्यात पालशेतजवळच्या सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांना उत्खननात पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला उत्खननात घरे, चुली, धान्याच्या कणग्या आणि जमिनीखाली पुरलेली माणसे मिळाल्यामुळे घोड नदीकाठचा तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी आपल्याला बराच ओळखीचा झाला आहे. आमच्याकडे चित्रे आहेत आणि घरे नाहीत. म्हणून अभ्यासकांनी आम्हाला बजावले, की सड्यावर नखाएवढ्या धारदार गारगोटीच्या छिलक्या दिसल्या तर त्या उचलून घरी आणू नका, जागेवरच छायाचित्र घ्या. ती सूक्ष्म अश्मास्त्रे असू शकतात आणि जागेवरून हलली, की त्यांची साक्ष संपते.

येथपर्यंतचे काम आनंदाचे होते. खरी दमछाक सातबाराने केली.

आमच्या हिस्स्याचे क्षेत्र १ हेक्टर ६२ आर असून त्यातले जवळजवळ सगळे पोटखराबा म्हणून लागलेले आहे. ज्या जमिनीतून काही पिकत नाही तिच्या नोंदी कोणी अद्ययावत ठेवत नाही, हा कोकणातला सार्वत्रिक अनुभव असावा. खातेदारांच्या यादीत सत्तावीस नावे होती आणि त्यांतली अकरा माणसे हयात नव्हती. चिरेखाणीला भाडेपट्टा देण्यासाठी जशी सगळ्यांची संमती लागली असती, तशीच आम्हाला शिल्पांभोवती गडगा, म्हणजे दगड रचून केलेले कुंपण, घालण्यासाठी आणि मोजणीसाठीही हवी होती. येथे एक बाब स्पष्ट करते. शासनाला एखादे स्थळ संरक्षित म्हणून घोषित करायचे असेल तर कायद्याने मालकांच्या सह्या आधी गोळा कराव्या लागत नाहीत. तरीही आम्हाला प्रत्येकाने सुचवले, की संमत्या घ्याच, कारण सहहिस्सेदारांच्या मनाविरुद्ध उभारलेला गडगा कोकणात एक पावसाळासुद्धा टिकत नाही.

आधी वारस नोंदी. प्रत्येक मृत खातेदारासाठी मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि वारसांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडून तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज करावा लागतो. त्यानंतर फेरफार, म्हणजे नावांतल्या बदलाची नोंद, धरला जातो, संबंधितांना हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंदीला शुल्क नाही; खर्च होतो तो प्रतिज्ञापत्र, नोटरी, छायाप्रती आणि प्रवास यांवर. जे गावात गेले त्यांचे दाखले ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतून मिळाले. १९६८ मध्ये गिरगावात वारलेल्या आजोबांच्या भावाचा दाखला मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयातून काढावा लागला आणि त्यासाठी नेमकी तारीख कोणालाच आठवत नव्हती. ती शेवटी श्राद्धाच्या तिथीवरून जुने पंचांग पाहून काढली. ज्यांच्या घरी असे काम निघेल त्यांनी सर्वांत वयस्कर बाईमाणसांना आधी विचारावे, कारण पुरुषांना सर्व्हे नंबर आठवतात आणि बायकांना तिथी.

हे सगळे २०२२ च्या अखेरीपासून ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालले. वारस लागल्यावर नावे सत्तावीसवरून एकेचाळीस झाली, म्हणजे संमत्यांचे ओझे वाढले. संमतीपत्राचा मसुदा एका वकिलांकडून १,५०० रुपयांत करून घेतला. त्यात मुद्दाम तीन वेगळ्या बाबी ठेवल्या होत्या: मोजणीला संमती, शिल्पांभोवती गडगा घालायला संमती आणि संरक्षणाच्या प्रस्तावाला संमती. जो एका बाबीला तयार नाही तो निदान दुसरीला सही देतो, असे वकिलांनी सांगितले आणि ते तंतोतंत खरे ठरले. मस्कतला असलेल्या आतेभावाने भारतीय दूतावासात साक्षांकन करून कागद पाठवला. ते अपेक्षेपेक्षा सोपे गेले. सर्वांत कठीण गेली ती गावातच, चार घरे सोडून राहणारी माणसे. ऐंशी ओलांडलेल्या काकूंनी अंगठा उठवण्यापूर्वी विचारले, ‘अगो, त्या पांडवांच्या चित्रांचा आता कागद करतेस होय? मग त्यांची पण सही घे.’ आणि मग शाईची डबी स्वतःच पुढे ओढली. एका चुलतभावाने मोजणीला आणि गडग्याला संमती दिली, प्रस्तावाला दिली नाही. त्याचा मुलगा बेरोजगार आहे आणि चिरेखाणीचे भाडे दरवर्षी घरात आले असते. त्याला मूर्ख किंवा लोभी ठरवणे डोंबिवलीत बसून सोपे आहे. मला ते जमले नाही.

ग्रामसभेचा ठराव कायद्याने अनिवार्य आहे असे आम्हाला कोणी सांगितले नाही, परंतु प्रस्तावासोबत तो असला की गावाची भूमिका कागदावर येते. २६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून ग्रामपंचायतीला डिसेंबरमध्येच लेखी अर्ज दिला. सभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे फेब्रुवारीत विषय चर्चेला आला आणि चर्चा चांगली दीड तास झाली. बारसूच्या सड्यावरची शिल्पे आणि तेथला रिफायनरीचा वाद लोकांच्या मनात ताजा होता. एका बाजूला ‘शिल्पे आहेत म्हणून आपला सडा वाचेल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘शिल्पे आहेत म्हणून आपल्याला गोठासुद्धा बांधता येणार नाही’ अशी दोन मते पडली.

मी सोबत १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियमाची छापील प्रत नेली होती आणि तिचा उपयोग झाला. स्थळ संरक्षित झाले म्हणून मालकी आपोआप शासनाकडे जात नाही. शासन ती विकत घेऊ शकते, भाडेपट्ट्याने घेऊ शकते किंवा मालकाशी करार करून देखभाल पाहू शकते, हे वाचून दाखवले. शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी दोनशे मीटरमध्ये नियंत्रण हा जो नियम सर्वांनी ऐकलेला असतो, तो केंद्राच्या १९५८ च्या कायद्यातला, २०१० च्या दुरुस्तीने आलेला आणि केंद्रसंरक्षित स्मारकांचा आहे, हेही सांगितले. गुरे चारण्याविषयी मला ठाम उत्तर देता आले नाही आणि तसे मी सभेत म्हटले. ठरावात शेवटी ‘गुरांची पूर्वापार वाट मोकळी ठेवावी’ हे वाक्य गावाच्या आग्रहाने घातले गेले. ते वाक्य घातल्यावर विरोध बराच ओसरला. ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह तीन आठवड्यांनी मिळाली.

मोजणी आम्ही शेवटच्या संमत्या हातात येईपर्यंत लांबवली आणि जानेवारी २०२५ मध्ये हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे जुने चार प्रकार जाऊन नियमित आणि द्रुतगती असे दोनच उरले आहेत. आमचे क्षेत्र दोन हेक्टरांच्या आत असल्यामुळे नियमित मोजणीला २,००० रुपये भरले. द्रुतगतीला ८,००० पडले असते. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, त्यामुळे अर्जात त्यांची नावे आणि पत्ते बिनचूक लिहावेत. मोजणी मार्चअखेरीस झाली. भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणारे यंत्र, घेऊन आले होते आणि सकाळच्या एका बैठकीत त्यांनी काम संपवले. आमच्या मनात धाकधूक होती ती पाकटाची, कारण तो हद्दीच्या अगदी जवळ आहे. तो आमच्याच हिस्स्यात निघाला. चौकोनी आकृतीचा एक कोपरा मात्र शेजारच्या हिस्स्यात जातो. शेजारी मोजणीला हजर होते. त्यांनी तेथल्या तेथे आपल्या बाजूची जागा गडग्यात घ्यायला हरकत नाही असे लिहून दिले, आणि त्या दिवसाचे चहापाणीही त्यांच्याच घरी झाले. मोजणीची ‘क’ प्रत महिन्याभराने मिळाली. अभ्यासकांच्या सांगण्यावरून या नकाशाच्या प्रतीवर आम्ही चारही शिल्पांची स्थाने वेगळ्या शाईने दाखवली.

गडगा एप्रिल आणि मे महिन्यांत घातला. उक्षीला ग्रामस्थांच्या पुढाकाराने हत्तीभोवती चिऱ्याचा कठडा उभा राहिला आहे, तो पाहून आलो होतो. आमची ऐपत साध्या रचलेल्या दगडांची होती आणि पाया खणायचा नाही हीही अट होती. शिल्पांपासून निदान चार मीटर अंतर ठेवून, कमरेच्या खाली येईल इतक्या उंचीचा, सिमेंट न वापरता रचलेला गडगा आहे. पावसाचे पाणी सड्यावरून ज्या बाजूला उतरते तेथे तळाशी फटी सोडल्या आहेत, नाहीतर आत पाणी तुंबून शेवाळ धरते. दगड खालच्या बांधावरचे पडके गडगे उसवून आणले. सड्यावरचे सुटे दगड घेतले नाहीत, कारण त्यांच्याखाली काय आहे हे आम्हाला ठाऊक नाही. मजुरी आणि वाहतूक मिळून ४१,००० रुपये झाले. ते हिस्स्याप्रमाणे वाटून घेतले आणि ज्यांना देणे शक्य नव्हते त्यांनी श्रम दिले.

संपूर्ण प्रस्ताव जुलै २०२५ मध्ये सादर केला. विनंतीपत्र, सातबारा, फेरफार, ‘क’ प्रत, संमतीपत्रे, ठराव, रेखाटने, छायाचित्रे आणि शिल्पांच्या सद्यःस्थितीचे वर्णन असा तो गठ्ठा होता. त्याचे तीन संच केले: एक कार्यालयाला, एक ग्रामपंचायतीला आणि एक घरी. छायाचित्रे पेनड्राइव्हवर दिली तरी छापील प्रतीही द्याव्यात. गवत वाळल्यावर, नोव्हेंबरमध्ये, अधिकाऱ्यांनी जागेची पाहणी केली, आमची मापे पुन्हा घेतली, माणसाच्या डाव्या पावलाजवळ आम्हाला न दिसलेली एक छोटी माशाची आकृती दाखवली आणि प्रस्ताव मुंबईला संचालनालयाकडे पाठवत असल्याचे पत्र डिसेंबरमध्ये आम्हाला मिळाले.

येथून पुढचा वेळ आमच्या हातात नाही. शासनाला प्रस्ताव मान्य झाला तर आधी राजपत्रात प्राथमिक अधिसूचना निघते, तिची प्रत जागेवर लावली जाते आणि त्यापासून दोन महिन्यांत कोणाही हितसंबंधिताला हरकत घेता येते. हरकतींचा विचार झाल्यावरच अंतिम अधिसूचना निघते. चुलतभावाने मला दिवाळीत विचारले, की त्या दोन महिन्यांत अर्ज कसा करायचा आणि कोणाला करायचा. मी त्याला अधिनियमाची प्रत दिली, चौथ्या कलमाशी कागद घालून ठेवला, आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला सांगितले.